विमानातली हवा कोणत्या खात्याची?

"डॉक्टर, आईला विमानाने न्यायचं आहे, चालेल ना?" गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न पूर्वी क्वचित कानावर यायचा, आता नेहमी येतो. चिकलठाण्याचा विमानतळ फार लांब नाही, तिथून मुंबई, दिल्ली, हैदराबादची विमानं सुटतात. कुणाचा मुलगा बाहेरगावी नोकरीला असतो, कुणाची मुलगी परदेशात दिलेली असते, कुणी उमऱ्याला निघालेलं असतं. 'उडान' योजना आली तेव्हा हवाई चप्पल घालणारा माणूसही विमानात बसेल असं सांगितलं गेलं. तो बसला आणि ते चांगलंच झालं. पण ज्या बंद डब्यात तो बसला त्यातली हवा कशी आहे, हे आरोग्याच्या नजरेने पाहणं कुणाचं काम आहे, असं विचारलं तर कुणी पुढे येत नाही.

या ब्लॉगवर आपण बहुतेक वेळा आजार समजावून घेतो. आजचा लेख थोडा भांडणाचा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्याकडे विमानातली हवा ही इंजिनाच्या एखाद्या भागासारखी तांत्रिक बाब मानली जाते. ती माणसांनी श्वासात घ्यायची गोष्ट आहे, म्हणून ती सार्वजनिक आरोग्याची बाब मानली पाहिजे, आणि त्यासाठी नियम हवेत.

आधी ही हवा येते कुठून?

विमान ३५-४० हजार फुटांवर उडतं. तिथे बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस मिनिटभरातच बेशुद्ध पडेल. म्हणून बाहेरची हवा इंजिनामध्ये दाबली जाते, त्यातली थोडी वळवून थंड केली जाते आणि आपण बसतो त्या भागात सोडली जाते. हिला 'ब्लीड एअर' म्हणतात. बोइंग ७८७ सारखं एखादं विमान सोडलं (त्यात हवा दाबायला विजेवर चालणारे वेगळे कॉम्प्रेसर असतात), तर बहुतेक प्रवासी विमानांची पद्धत हीच आहे. मोठ्या विमानांत साधारण अर्धी हवा बाहेरची ताजी आणि अर्धी आतलीच, गाळून परत फिरवलेली असते.

हा दाब जमिनीवर असतो तेवढा ठेवत नाहीत. कमाल ८,००० फुटांवर, म्हणजे सुमारे २,४०० मीटरवर जेवढा दाब असेल तेवढा ठेवला जातो. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे विमानात बसलेला माणूस श्वासापुरता कळसूबाईच्याही बराच वर बसलेला असतो. धडधाकट माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथे ९०-९३ टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. त्याला ते जाणवतही नाही. पण चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेली आजी, हृदय कमकुवत झालेले आजोबा, किंवा हिमोग्लोबिन सात असलेली बाळंतीण यांचं काय? महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. तिकीट काढताना सामानाचं वजन विचारतात, जेवण शाकाहारी की मांसाहारी विचारतात. दम लागतो का, हे विचारलेलं तुम्ही ऐकलंय?

मुंबई–जयपूर, सप्टेंबर २०१८

२० सप्टेंबर २०१८ च्या सकाळी जेट एअरवेजचं विमान मुंबईहून जयपूरला निघालं. त्यात १६६ प्रवासी होते. इंजिनाकडून आत हवा घेण्याचं बटण चालू करायचं राहून गेलं. विमान वर चढत गेलं, पण आतला दाब काही राखला गेला नाही. ऑक्सिजनचे मास्क वरून खाली आले. सुमारे ३० प्रवाशांच्या नाकातून किंवा कानातून रक्त आलं, अनेकांची डोकी ठणकू लागली. विमान मुंबईला परत आणलं गेलं.

बाहेरचा दाब एकदम कमी झाला की कानाच्या पडद्यामागे आणि सायनसमध्ये अडकलेली हवा फुगते. पडदा ताणला जातो, कधी फाटतो. नाकाच्या आतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. याला 'बॅरोट्रॉमा' म्हणतात. सर्दी झालेल्या माणसाला हा त्रास जास्त होतो.

त्या घटनेनंतर वैमानिकांना कामावरून दूर केलं, अपघात तपास विभागाने चौकशी हाती घेतली. हे योग्यच झालं. पण ती सगळी 'चूक कुणाची' याची चौकशी होती. त्या १६६ जणांच्या कानांचं पुढे काय झालं, कुणाला बहिरेपणा राहिला का, हे पाहणं एखाद्या आरोग्य यंत्रणेचं नेमून दिलेलं काम असायला हवं होतं.

गोवा–हैदराबाद, ऑक्टोबर २०२२

१२ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री गोव्याहून हैदराबादला जाणाऱ्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानात प्रवाशांच्या डोक्यावर धूर भरला. हैदराबादला विमान उतरवून लोकांना बाहेर काढलं गेलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या तपासात दिसलं की इंजिनाचं तेल हवेच्या झडपेतून वातानुकूलन यंत्रणेत शिरलं होतं. म्हणजे तेलाची वाफ आणि धूर थेट माणसांच्या नाकातोंडात.

यावर आदेश काय निघाला? कंपनीने आपल्या सगळ्या क्यू-४०० विमानांच्या इंजिन तेलाचे नमुने दर पंधरा दिवसांनी इंजिन बनवणाऱ्या कंपनीकडे तपासायला पाठवावेत. आदेश चांगलाच आहे. पण मंडळी, जरा विचार करा. इंजिनाच्या तेलाचा नमुना दर पंधरा दिवसांनी तपासायचा नियम होतो. मग तोच धूर घेतलेल्या माणसाच्या रक्ताचा नमुना एकदा तरी तपासायचा नियम का होत नाही?

हे मी उगाच म्हणत नाही. जळक्या तेलाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. तो रक्तात गेला की साध्या हवेत साधारण चार-पाच तासांत त्याचं प्रमाण निम्मं होतं. म्हणजे तपासणी विमानतळावरच, उतरल्या उतरल्या व्हायला हवी. प्रवासी घरी पोहोचून दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून गावच्या डॉक्टरकडे येईल तेव्हा रक्तात पुरावा उरलेला नसतो, आणि डॉक्टर 'पित्त झालं असेल' म्हणून गोळी देऊन मोकळा होतो.

विमानाच्या इंजिन तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचं रसायन घातलेलं असतं, त्याच्या काही प्रकारांचा मज्जातंतूंवर वाईट परिणाम होतो. अनेक देशांतले वैमानिक आणि हवाई सुंदरी अशा धुरानंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या डोकेदुखीची, विसराळूपणाची, थकव्याची तक्रार करत आले आहेत. हा स्वतंत्र आजार आहे की नाही, यावर वैद्यकीय जगात एकमत नाही. आहेच, असं मीही म्हणणार नाही. पण 'पुरावा नाही' हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, मोजलं होतं का? बहुतेक विमानांत प्रवासी बसतात तिथे हा धूर मोजणारं उपकरण बसवलेलंच नसतं. ताप मोजायचाच नाही आणि 'ताप असल्याचा पुरावा नाही' म्हणायचं, अशी ही तऱ्हा झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, अशा धुराच्या घटना कशा ओळखाव्यात आणि कशा कळवाव्यात याची मार्गदर्शिका २०१५ सालीच काढली आहे. ती विमान कर्मचाऱ्यांसाठी आहे. प्रवाशाला आणि त्याच्या डॉक्टरला कळवायचं काय, हा प्रश्न उरतोच.

मधली खुर्ची

कोविडचा काळ आठवा. मार्च २०२० मध्ये दोन प्रवाशांमधली खुर्ची रिकामी ठेवा असं महासंचालनालयाने सांगितलं. मे महिन्यात परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या विमानांत ती भरू लागली, तेव्हा एअर इंडियाच्याच एका वैमानिकाने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या नागपूरचे शरद बोबडे, यांनी सरकारला सुनावलं की काळजी लोकांच्या आरोग्याची करा, विमान कंपन्यांच्या प्रकृतीची नको. पुढे महासंचालनालयाने सांगितलं की शक्यतो मधली खुर्ची रिकामी ठेवा, भरावीच लागली तर त्या प्रवाशाला अंगभर गाउन द्या. १५ जूनला उच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीच्या म्हणण्यावर विसंबून मधली खुर्ची भरायला परवानगी दिली.

मास्क होता, चेहऱ्यावरचं प्लॅस्टिक होतं, तरी गाजला तो गाउन. गाउन अंगाला, आणि आजार श्वासाला. महिनाभर सगळा देश खुर्चीवर भांडला. विमान जमिनीवर उभं असताना आतली हवा चालू आहे का, ती मोजायची कशी, हा मुद्दा त्या गदारोळात मागेच राहिला. खरं तर त्याचं उत्तर वैद्यकीय पुस्तकांत चाळीस वर्षांपासून पडून होतं.

१९७७ साली अमेरिकेत अलास्कामध्ये एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे सुमारे तीन तास जमिनीवर अडकून पडलं. हवा खेळवणारी यंत्रणा त्या वेळात चालू नव्हती. विमानात ५४ माणसं होती, त्यातल्या एकाला फ्लू झालेला होता. पुढच्या ७२ तासांत तब्बल ७२ टक्के लोक आजारी पडले. दोष विमानाच्या रचनेचा नव्हता, बंद ठेवलेल्या हवेचा होता.

"आमची हवा ऑपरेशन थिएटरसारखी शुद्ध"

विमान कंपन्यांचं हे आवडतं वाक्य. यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. हेपा नावाची गाळणी ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवते. विषाणू ज्या थेंबांवर बसून येतात तेही तिच्यात अडकतात. आकाशात उडताना विमानातली हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते. आपल्या लग्नाच्या हॉलपेक्षा आणि माझ्या दवाखान्याच्या वेटिंग रूमपेक्षा ती नक्कीच बरी असते.

पण या वाक्यात तीन गोष्टी सांगायच्या राहतात. एक, गाळणी कण अडवते, वायू नाही. कार्बन मोनॉक्साइड तिच्यातून आरामात जातो. दोन, ही गाळणी सगळ्या विमानांत असतेच असं नाही. अमेरिका आणि युरोपच्या नियमांतही ती सक्तीची नाही, आणि लहान गावांना जोडणाऱ्या छोट्या विमानांत ती नसण्याची शक्यता अधिक. तीन, हे आकडे उडणाऱ्या विमानाचे आहेत. इंधन वाचवण्यासाठी विमान उभं असताना यंत्रणा बंद ठेवली तर गाळणी असून नसल्यासारखी. आणि माणसं एकमेकांना सगळ्यात जास्त खेटतात ती नेमकी याच वेळी, चढताना आणि उतरताना.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात उभ्या विमानात एसी बंद, दारं बंद, आणि लोक सुरक्षेच्या सूचनांच्या कागदाने वारा घेतायत, अशा बातम्या आणि व्हिडिओ दर उन्हाळ्यात येतात. आपण त्याला 'गैरसोय' म्हणतो. वैद्यकीय भाषेत ती उष्माघाताची आणि संसर्गाची तयारी आहे. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २००३ मध्येच विमान कंपन्यांना सल्ला दिला आहे की हवा बंद असेल आणि अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागणार असेल, तर प्रवाशांना खाली उतरवा.

सिगारेटने शिकवलेला धडा

ज्यांना वाटतं की कंपन्या आपणहून सुधारतील, त्यांनी विमानातल्या सिगारेटचा इतिहास पाहावा. एकेकाळी विमानात 'धूम्रपान विभाग' असायचा. एका रांगेत सिगारेट, पुढच्या रांगेत तान्हं बाळ. हवा फिरते, धूर निघून जातो, असं तेव्हाही सांगत. अमेरिकेत १९८८ साली फक्त दोन तासांपर्यंतच्या उड्डाणांत बंदी आली, १९९० साली सहा तासांपर्यंतच्या, आणि परदेशी जाणाऱ्या सगळ्या विमानांत बंदी यायला २००० साल उजाडलं. त्यामागे हवाई सुंदरींचा लढा होता. स्वतः कधी सिगारेट न ओढलेल्या या बायकांना फुप्फुसाचे आजार झाले. त्यांनी १९९१ साली तंबाखू कंपन्यांवर खटला भरला, १९९७ साली कंपन्यांना तडजोड करावी लागली.

त्या बंदीने प्रवासी कमी झाले नाहीत. विमानं पडली नाहीत. तिकिटं परवडेनाशी झाली नाहीत. आणि आज विमानात कुणी सिगारेट पेटवली तर त्याला वेड्यात काढतील.

"पण डॉक्टर, एसटीत कोंबून जाणाऱ्यांचं काय?"

हा प्रश्न येणारच, आणि रास्त आहे. खेड्यातली पोरं काळीपिवळीच्या टपावर बसतात आणि डॉक्टर विमानातल्या हवेवर लिहितोय! पण एसटीची खिडकी प्रवासी स्वतः उघडू शकतो, नाहीतर कंडक्टरला ओरडून गाडी थांबवू शकतो. विमानात हवेचा एकही निर्णय प्रवाशाच्या हातात नाही. जिथे माणसाचा स्वतःचा इलाज चालत नाही, तिथे सरकारची जबाबदारी वाढते. दुसरं, विमानातल्या हवेचा भार सगळ्यात जास्त कुणावर? महिन्यातून वीस दिवस तिथेच नोकरी करणाऱ्या मुलामुलींवर. त्यातली कितीतरी आपल्याच तालुक्या-जिल्ह्यांतून प्रशिक्षण घेऊन गेलेली आहेत. आणि तिसरं, दिल्लीतला संसर्ग संध्याकाळपर्यंत मराठवाड्यात पोहोचतो तो विमानानेच. त्यानंतर तो एसटीतही बसतो.

कायदा आहे, नजर नाही

सरकारला अधिकार नाहीत असंही नाही. १९४४ च्या शिकागो कराराच्या चौदाव्या कलमानुसार विमानातून रोग पसरू नये यासाठी पावलं उचलणं प्रत्येक देशावर बंधनकारक आहे. आपल्याकडे १९५४ चे विमान सार्वजनिक आरोग्य नियम आहेत. १९३४ चा जुना वायुयान कायदा जाऊन २०२४ मध्ये नवा आला, त्यातही सार्वजनिक आरोग्यासाठी नियम करण्याची वाट खुली आहे. पण या सगळ्याची नजर बाहेरून येणाऱ्या कॉलरा, प्लेग, पीतज्वरावर. विमानाच्या पोटातल्या हवेवर नाही. महासंचालनालय यंत्र पाहतं, आरोग्य मंत्रालय विमानतळाच्या दारावर ताप पाहतं, आणि मधल्या दोन तासांच्या श्वासाला वाली नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत:

१. विमान उभं असताना प्रवासी आत असतील तर हवा चालू असलीच पाहिजे. अर्ध्या तासात चालू होत नसेल तर लोकांना उतरवा. लांबलेल्या उड्डाणातून प्रवाशांना पुन्हा विमानतळावर घेण्याचे निर्देश २०२४ मध्ये निघाले आहेतच. त्याला हवेची अट जोडा.

२. प्रत्येक विमानात कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी उपकरणं बसवा आणि नोंदी जाहीर करा. विमानाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

३. धूर झाला किंवा दाब गेला तर प्रत्येक प्रवाशाला लेखी चिठ्ठी द्या: काय झालं, किती वेळ, कोणती तपासणी करावी. विमानतळावरच रक्ततपासणीची सोय ठेवा.

४. तिकीट काढतानाच मराठीसह स्थानिक भाषेत चार प्रश्न विचारा: दम लागतो का, रक्त कमी आहे का, अलीकडे ऑपरेशन झालं का, कान-नाकाचा त्रास आहे का.

५. अशा प्रत्येक घटनेच्या चौकशीत एक डॉक्टर असू द्या.

नियम होतील तेव्हा होतील, तोपर्यंत

हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असेल, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास वाढलेला असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा, आदल्या दिवशी नको. जोराची सर्दी किंवा कान दुखत असेल तर जमल्यास प्रवास पुढे ढकला. विमान उतरताना गिळत राहा, लहान बाळाला दूध पाजा. आतली हवा फार कोरडी असते, आर्द्रता दहा-वीस टक्केच, म्हणून पाणी पीत राहा. डोक्यावरची हवेची तोटी उघडी ठेवा. चढता-उतरताना मास्क लावायला लाजू नका. जळक्या तेलाचा किंवा कुबट मोज्यांसारखा वास आला तर कर्मचाऱ्यांना सांगा, विमानाचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि एक काम करा. विमानात बराच वेळ हवा बंद राहिली तर नुसता व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. महासंचालनालयाकडे लेखी तक्रार करा आणि तिची प्रत आपल्या खासदारांना पाठवा. तक्रारीत 'गैरसोय झाली' असं लिहू नका, 'आरोग्याला धोका झाला' असं लिहा.